पितळी बत्ती आणि घरची हत्यारे

मित्रहो, टेबलावर ठेवलेली ही पितळी बत्ती आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी वरातीत, तमाशाच्या फडावर किंवा गणपतीच्या मिरवणुकीत पाहिलेली असेल. आमच्या घरची ही बत्ती पुढे गडांवरच्या मुक्कामांना आमच्याबरोबर येऊ लागली आणि नंतर कित्येक वर्षे माळ्यावर पडून राहिली. तिला माळ्यावरून खाली काढल्यापासून पुन्हा पेटवेपर्यंत जी हत्यारे मला घरी करावी लागली, त्यांविषयी मी आज बोलणार आहे. योग्य हत्यार मिळत नाही म्हणून नाइलाजाने घरी काहीतरी करायचे, अशीच आरंभी माझी समजूत होती. आता मात्र माझे मत असे झाले आहे की, पितळेसारख्या मऊ धातूच्या कामाला त्या भागाचे माप घेऊन केलेले हत्यारच योग्य असते. जुन्या बत्त्यांची जितकी हानी वापराने होते, त्याहून अधिक हानी पक्कडीने होते.

पेट्रोमॅक्स हे नाव बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्स या कारखान्याच्या दिव्याचे. आपल्याकडे मात्र ते दाबावर चालणाऱ्या कोणत्याही बत्तीला पडले. आपल्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलात वात रॉकेल शोषून घेते आणि ज्योतच उजेड देते. बत्तीत वात नसते. पंपाने टाकीत हवा भरली की तिच्या दाबाने रॉकेल तापलेल्या नळीतून वर चढते, त्याची वाफ होते, ती वाफ निपलाच्या बारीक छिद्रातून वेगाने बाहेर पडते, वाटेत हवा ओढून घेते आणि मेंटलमध्ये जळते. त्या उष्णतेने मेंटलची जाळी पांढरीशुभ्र तेजाळते. ही जाळी ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर यांची देणगी. १८८५ साली त्यांनी पहिली जाळी केली आणि १८९१ साली ९९ टक्के थोरियम ऑक्साइड व १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण बसवले. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूला जगभर मागणी आली, ती याच थोरियमसाठी. थोरियम किंचित किरणोत्सारी असल्यामुळे जुन्या मेंटलची राख फुंकू नये. ती ओल्या कागदाने टिपून घ्यावी आणि हात धुवावेत.

माझ्या बत्तीचा पंप दाब धरत नव्हता. दांडा बाहेर काढला तेव्हा त्यावरचे चामड्याचे वाटीसारखे वॉशर वाळून तडकलेले होते. नवे वॉशर करण्यासाठी मी जुन्या कोल्हापुरी चपलेच्या पट्ट्याचे चामडे घेतले, आणि त्याला कारण आहे. ते बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असते. असे चामडे पाण्यात भिजवून साच्यात दाबले की तो आकार वाळल्यावरही टिकतो. क्रोमने कमावलेले मऊ चामडे पुन्हा सपाट होते. साचा म्हणजे फळीला पाडलेले एक भोक आणि त्यात जाणारा मोडक्या लाटण्याच्या मुठीचा तुकडा. भोक पंपनळीच्या आतल्या व्यासाएवढे असावे आणि लाकूड त्याहून चामड्याच्या दुप्पट जाडीने कमी असावे. म्हणजे नळी २० मिलीमीटर आणि चामडे दीड मिलीमीटर असेल, तर लाकूड १७ मिलीमीटरपर्यंत घासून घ्यावे. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवलेली चकती त्या भोकात दाबून सावलीत दोन दिवस ठेवली, कडा ब्लेडने कापली आणि मग ती रात्रभर एरंडेलात बुडवून ठेवली. पहिल्याच फेरीला पंपाने हाताला जो घट्ट विरोध केला, त्याचा आनंद मला अजून आठवतो.

खरी कसोटी पुढे होती. पंपनळीच्या तळाशी एक लहानशी झडप असते. ती हवा आत जाऊ देते, पण रॉकेल पंपात परत येऊ देत नाही. तिथपर्यंत बोट पोहोचत नाही आणि आतले नीट दिसतही नाही. कोणीतरी आधी लांब पेचकस घालून तिच्या कडा खरवडल्या होत्या. मी एका काठीच्या टोकाला साबणाचा मऊ गोळा लावला आणि तो आत दाबून बाहेर काढला. झडपेच्या डोक्याचा, दोन बाजूंनी सपाट असलेला, स्पष्ट ठसा साबणावर उठला. तो ठसा मोजून साध्या लोखंडी सळईच्या टोकाला हॅक्सॉने खाच पाडली आणि ती कानशीने हळूहळू रुंद केली. ही खाच झडपेवर जराही न हलता बसली पाहिजे. इथे लोखंड पितळेहून कठीण असते, त्यामुळे पितळ वाचवते ते केवळ माप. सळईला आडवे भोक पाडून त्यात मोठा खिळा घातला की मूठ तयार होते. रिकाम्या, कोरड्या टाकीचा तळ गरम पाण्यात ठेवून दोनदा प्रयत्न केल्यावर आटे सुटले.

झडपेतील रबराची टिकली दगडासारखी झाली होती. तिच्या जागी मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला, आणि ही माझी चूक होती. रॉकेलने नैसर्गिक रबर फुगते. आठवड्याभरात टिकली फुगून झडप अडकली आणि पुन्हा सगळे उघडावे लागले. तेलात टिकणाऱ्या नायट्राइल रबराचे वॉशर मोटार दुरुस्तीच्या दुकानात मिळते. त्यातून टिकली पाडावी.

निपलाचे छिद्र शिवणाच्या सुईने साफ करण्याची सवय घरोघरी होती, आणि तिने असंख्य बत्त्या कायमच्या बिघडवल्या. सुई टोकाकडून जाड होत जाते आणि ती पोलादाची असते, म्हणून छिद्र मोठे होते; मग वाफ जास्त येते, हवा पुरत नाही आणि मेंटल काजळते. साध्या लवचिक वायरीतला तांब्याचा एक धागा पुरेसा असतो, कारण तांबे पितळेला ओरखडत नाही. वाकड्या वाफनळीतील काजळी मात्र धाग्याने निघत नाही. तिच्यासाठी सायकलच्या ब्रेकच्या जुन्या तारेचे टोक उसवून त्याचा बारीक ब्रश केला आणि तो रॉकेलमध्ये भिजवून नळीतून वारंवार ओढला.

सर्व जोडल्यावर टाकीत रॉकेल न घालता नुसती हवा भरावी, जोडांना रिठ्याचा फेस लावावा आणि बुडबुडा कुठे उठतो ते पाहावे. माझ्या बत्तीत तो झाकणाखालच्या बुचाच्या (कॉर्कच्या) चकतीशी उठला. तिथे पातळ कॉर्कची नवी चकती कापून बसवली. त्यानंतरच रॉकेल भरले. या टाकीत पेट्रोल कधीही घालू नये. ते फार लवकर भडकते आणि ही बत्ती त्यासाठी घडवलेली नाही.

बत्ती आता भरून तयार आहे, परंतु ती या बंद सभागृहात पेटवणार नाही. अपुऱ्या हवेत ती कार्बन मोनॉक्साइड सोडते, आणि याच कारणाने मुक्कामाच्या तंबूतही ती आत नेऊ नये. आपण सर्वांनी बाहेर अंगणात यावे. नवे मेंटल बांधलेले आहे. आधी स्पिरिटवर वाफनळी दीड-दोन मिनिटे तापवू, मग पंप मारू.