समोरची इमारत आणि पायाखालची जमीन

मोठ्या शहरातल्या एखाद्या उंच इमारतीसमोर कॅमेरा डोळ्याला लावला की थोड्याच वेळात गणवेशातला सुरक्षारक्षक जवळ येतो आणि ‘इथे फोटो काढायला परवानगी नाही’ असे सांगतो. कारण विचारले, तर ‘सुरक्षा’ किंवा ‘वरून आदेश आहे’ एवढेच उत्तर मिळते. आदेश कुणाचा आणि कोणत्या कायद्याखाली, हे बहुधा त्यालाही कुणी सांगितलेले नसते. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण फोटो काढू दिला तर त्याच्या नोकरीवर बेतू शकते, अडवल्याबद्दल मात्र त्याला कुणी जाब विचारत नाही. मला बोलायचे आहे ते त्या ‘वरच्या’ आदेशाबद्दल. माझे म्हणणे असे की, या वादात आपण समोरच्या इमारतीबद्दल भांडत राहतो, पण निकाल बहुतेक वेळा आपण ज्या जमिनीवर उभे असतो तिच्यावरून लागतो.

काही ठिकाणची बंदी खरोखरच कायद्याची असते, हे आधी मान्य करायला हवे. लष्करी तळ, शस्त्रास्त्रांचे कारखाने अशा जागांना जवळजवळ प्रत्येक देशात स्वतंत्र संरक्षण आहे. भारतात १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात ‘प्रतिबंधित जागा’ कोणत्या, हे सांगितले आहे. तिथे वाद घालू नये. पण बँकेचे मुख्यालय किंवा कार्यालयांचा मनोरा या वर्गात बसत नाही.

वास्तुरचनेवर वास्तुविशारदाचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) असतो, म्हणून परवानगी लागते, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो निराधार नाही, पण दिसतो त्यापेक्षा कमजोर आहे. अमेरिकेने १९९० साली वास्तुरचनांना स्वामित्वहक्काचे संरक्षण दिले, तेव्हा त्याच कायद्यात असेही लिहिले की, सार्वजनिक जागेतून दिसणाऱ्या इमारतीचे चित्र किंवा छायाचित्र काढण्यास मनाई करता येणार नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या आणि भारताच्या १९५७ च्या कायद्यांतही अशी सूट आहे. फ्रान्स मात्र याबाबतीत हात आखडता घेतो. तिथे २०१६ साली दिलेली सूट फक्त व्यक्तींना आणि तीही व्यावसायिक नसलेल्या वापरापुरती आहे. आयफेल टॉवरची रचना केव्हाच स्वामित्वहक्कातून मुक्त झाली असली, तरी रात्रीच्या रोषणाईच्या छायाचित्रांचा व्यावसायिक वापर करायचा असेल तर टॉवर चालवणारी कंपनी आधी परवानगी घ्यायला सांगते. जर्मनीतला एक निकाल तर माझ्या मुद्द्याच्या थेट मुळाशी जातो. व्हिएन्नातल्या हुंडर्टवासर-हाउस या रंगीबेरंगी इमारतीचे छायाचित्र समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरून काढलेले होते. २००३ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवले की सूट आहे ती रस्त्यावरून दिसणाऱ्या दृश्याला. खासगी घरातून टिपलेल्या दृश्याला ती लागू नाही. इमारत तीच, कॅमेराही तोच असू शकतो, पण उभे राहण्याची जागा बदलली आणि कायदा बदलला.

‘सुरक्षा’ या कारणाचीही कधी तरी न्यायालयात परीक्षा झाली आहे. ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्यातील कलम ४४ खाली कसलाही संशय नसताना कुणालाही थांबवून झडती घेता येत असे आणि त्याचा फटका छायाचित्रकारांना वारंवार बसला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये हे अधिकार बेबंद ठरवले आणि पुढे ते कलम गेले. त्याच वर्षी अमेरिकेत एका दाव्यातील तडजोडीनंतर संघीय इमारतींच्या रक्षकांना लेखी कळवण्यात आले की, सार्वजनिक जागेतून इमारतीच्या बाह्यभागाचे छायाचित्रण करण्यास मुभा आहे. उपग्रहांवरून आणि रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांवरच्या कॅमेऱ्यांतून टिपलेली तीच इमारत घरबसल्या पाहता येत असताना, फोनने फोटो काढणाऱ्या शंभर जणांना सोडून तिपाई लावणाऱ्या एकाला अडवायचे, यातून नेमकी कोणती सुरक्षा साधते, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेले नाही.

मग रक्षकाच्या आदेशाला बळ येते कुठून? ते मालकीतून येते. न्यूयॉर्कने १९६१ च्या नियमांनुसार, लोकांसाठी मोकळी जागा सोडणाऱ्या विकासकांना जादा चटईक्षेत्र दिले, आणि त्यातून दिसायला चौक पण कागदोपत्री खासगी अशा शेकडो जागा तयार झाल्या. लंडनमधल्या कॅनरी व्हार्फ या कार्यालयांच्या वसाहतीतले रस्तेसुद्धा खासगी आहेत. इतकेच काय, २००२ पासून जवळजवळ दोन दशके लंडनच्या निवडून दिलेल्या महापौरांचे कार्यालय जिथे होते, त्या सिटी हॉलभोवतीचे प्रांगणही खासगी मालकीचे. अशा जागेत मालक छायाचित्रणाला मनाई करू शकतो, आणि ती मोडणाऱ्याला बाहेर जायला सांगू शकतो. शहराचा मोकळा भाग असा हळूहळू मालकांच्या नियमांखाली जातो, आणि त्याचा पहिला पत्ता नागरिकाला लागतो तो कॅमेरा वर उचलल्यावर, ही गोष्ट मला छायाचित्राच्या प्रश्नापेक्षाही गंभीर वाटते.

त्यामुळे रक्षक आला की ‘का नाही?’ याऐवजी ‘तुमची हद्द कुठपर्यंत आहे?’ असे सौम्यपणे विचारावे. अनेक ठिकाणी ती फरसबंदीत बसवलेल्या धातूच्या पट्टीने किंवा बिल्ल्यांनी दाखवलेली असते. हद्दीच्या आत असाल तर बाहेर पडावे. बाहेर पडल्यावर पदपथावरून तीच इमारत टिपण्यास खासगी रक्षक सहसा कायद्याने अडवू शकत नाही. आणि आत काढलेले फोटो पुसायला लावण्याचा किंवा कॅमेरा काढून घेण्याचा अधिकार मालकीतून त्याला मिळत नाही. तो हट्टाला पेटला, तर पोलिसांना आपणच बोलवावे.