कोंबडी कुठली घ्यायची ते नंतर, झोपणार कुठं ते आधी सांगा

नमस्कार मंडळी. मी कोंबड्या पाळते म्हटल्यावर दर दुसरा माणूस हेच विचारतो, ताई गिरीराज घेऊ का कावेरी घेऊ का सरळ गावरान, आणि मी उलट विचारते की ती रात्री झोपणार कुठं? मग समोरचा गप्प.

कारण माझं स्वतःचं तेच झालं होतं. पुण्यात धायरीत घराच्या मागं मोकळी जागा होती, हौसेनं दीड महिन्याची दहा पिल्लं आणली, खुराड्याला ती षटकोनी भोकांची पातळ जाळी मारली आणि झालं काम म्हणून झोपले. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर चार पिल्लं गायब, एक अर्धवट खाल्लेलं आणि कोपऱ्यात मातीत माझी मूठ जाईल एवढं भोक. घूस! शेजारच्या मावशी मूळच्या मुळशीच्या, चाळीस वर्षं कोंबड्या केलेल्या, त्या नुसतं बघून म्हणाल्या, "अगं पोरी, कोंबडी आत राहावी म्हणून जाळी लावलीस, बाहेरचं बाहेर राहावं म्हणून कुठं लावलीस?"

तेव्हापासून अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश, म्हणजे जाड तारांची कडक जाळी, तीही फूटभर जमिनीत पुरून, आणि दाराला दोन कड्या. जागा धरा एका कोंबडीला आत चार चौरस फूट, म्हणजे बारा कोंबड्यांना सहा बाय आठचं खुराडं. आत बसायला आडवी दांडी हवी, त्या जमिनीवर झोपत नाहीत. आणि मुंगूस रात्री नाही, दिवसाढवळ्या येतं, त्यामुळे दुपारी मोकळ्या सोडल्या असतील तर कान उघडे ठेवा, कोंबड्यांचा कलकलाट झाला की हातातलं काम टाकून पळायचं.

दुसरी गोष्ट ओल, आणि पुण्यात जून ते सप्टेंबर म्हणजे हीच परीक्षा. खाली भाताचं तूस टाका तीन-चार इंच, मावळ-मुळशीकडच्या भातगिरणीत पोत्यानं मिळतं, आठवड्यातून दोनदा खालीवर करा. ओलं झालंय का हे कसं कळणार, तर मूठभर हातात घेऊन दाबा, मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते बाहेर काढून कोरडं टाका, भुरभुर सुटलं तर ठीक. आणि एकदा खुराड्यात उकिडवं बसून श्वास घ्या बरं का, कारण आपलं नाक पाच फुटांवर असतं आणि कोंबडीचं फूटभरावर, वरून काही येत नाही पण खाली बसलं की डोळे चुरचुरतात. तो अमोनिया. ओल्या तुसातच रक्ती हगवण वाढते, पिल्लं पिसं फुगवून डोळे मिटून कोपऱ्यात बसली आणि विष्ठेत लाल दिसलं की घरगुती काढे करत बसू नका, डॉक्टर गाठा.

आता लसीकरण, यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण घरगुती पाळणारे इथंच चुकतात. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, उत्तराखंडातल्या त्या गावावरून नाव पडलंय, एकदा शिरली की पूर्ण खुराडं रिकामं करते. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, साधारण चौथ्या आठवड्यात परत. अडचण अशी की बाटली शंभर डोसची किंवा त्याहून मोठी आणि आपली पिल्लं बारा, शिवाय फोडली की एक-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या महिन्यात वापरू असं चालत नाही. म्हणून आम्ही चार घरांनी ठरवलंय, पिल्लं एकाच आठवड्यात आणायची आणि लस थर्मासमध्ये बर्फ घालून आणून एकाच सकाळी सगळ्यांनी द्यायची. कुणी पाण्यातून देत असेल तर नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोरीननं लसच मरते आणि आपण समाधानात राहतो की दिली बुवा. विहिरीचं घ्या. पिल्लं घेताना आधी कुठल्या लसी झाल्यात ते विचारून लिहून घ्या, सरकारचं अंडी उबवणी केंद्र खडकीला आहेच.

खाण्याचं थोडक्यात सांगते, मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम, अंड्यावर आली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, उरलेली पोळी-भात चालतो पण त्यावरच ठेवलं तर अंडी थांबणारच. एप्रिल-मेमध्ये दाणा सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावर, भर दुपारी नको, पाणी सावलीत ठेवून दोनदा बदला, जाळीवर ओलं गोणपाट. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते.

आणि हो, अंड्यासाठी कोंबडा लागतो का हा प्रश्न येतोच. नाही लागत. पिल्लं काढायची असतील तरच लागतो. आमच्या कोंबड्यानं पहाटे चारला गल्ली उठवली तेव्हा आम्ही त्याला खरोखर डालग्याखाली झाकून बघितला, म्हण खरी निघाली, तो आतूनही आरवला. शेवटी गावी भावाकडे धाडला. खुडूक कोंबडीला, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसलेलीला, पाण्यात बुडवतात, नाकातून पीस घालतात, ते करू नका हो, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस दाणापाणी देऊन ठेवली की बहुतेक वेळा उतरते.

एक कोंबडी मेली तर समजू शकतो, पण दोन दिवसांत तीन-चार पटापट गेल्या तर गुपचूप पुरू नका, उघड्या हातानं उचलू नका आणि उरलेल्या घाईघाईनं कुणाला विकू तर मुळीच नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथं तपासणी होते.

चला, दिवेलागणीला मला मोजायच्यात. काल अकराच भरल्या होत्या, बारावी पपईवर चढून बसलेली.