कच्चा लिंबू

(वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संपादित करून)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘सहकुटुंब खेळायचे सोपे खेळ : निवड कशी करावी’. अक्षर सुंदर आहे. माझी ओळख करून देताना ‘निवृत्त’ हा शब्द तीनदा आला, तेव्हा माझ्याकडे वेळ भरपूर आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण सभागृहाकडे नाही. साडेसातला इथे भजनी मंडळ येणार आहे. तर मी लगेच कसोट्यांकडे वळतो.

पण त्याआधी एक विचारतो. इथे लहानपणी कच्चा लिंबू कोण कोण होतं? हात वर करा. लाजू नका. बघा, निम्मं सभागृह! आणि ज्यांनी हात वर केले नाहीत, त्यांना बहुतेक अजून कुणी सांगितलेलं नाही.

मलाही कुणी सांगितलं नव्हतं. माझं आजोळ वाईजवळचं. मे महिन्यात आम्ही अकरा भावंडं तिथे जमायचो आणि अकरावा मी. दुपारी बाहेर जायला बंदी, त्यामुळे माडीवर सतरंजी आणि पत्ते. मोठी चौघं मेंढीकोट खेळायची. मी भोकाड पसरलं की खालून आई ओरडायची, “त्यालाही घ्या रे!” मग थोरला मामेभाऊ कॅटमधले दोन जोकर काढून माझ्या हातात द्यायचा. म्हणायचा, “ही सगळ्यांत भारी पानं. कुणाला दाखवायची नाहीत. शेवटी टाकायची.” मी ती छातीशी धरून बसायचो. घामानं पानं ओली व्हायची. कोट व्हायचे, दश्श्या ओढल्या जायच्या, आरडाओरडा व्हायचा आणि माझं ते ‘शेवटी’ काही यायचं नाही. एक अख्खा उन्हाळा मी असा घालवला! वर रात्री वडिलांना पत्र लिहायला सांगितलं, की मी रोज मेंढीकोट खेळतो.

हे आजीनं पाहिलं. आजीला अक्षरओळख नव्हती, पण पानावरचे ठिपके ती नजरेनं मोजायची. एका दुपारी ती माडीवर आली, माझ्या हातातले जोकर काढून घेतले आणि म्हणाली, “बदाम सात मांडा. हा खेळेल.” सात जण बसलो. बावन्न पानं सात जणांत वाटली की तिघांना आठ येतात, चौघांना सात. मला आठ आली. हातात मावेनात, म्हणून मी अर्धी मांडीखाली ठेवली.

आता बदाम सात तुम्हाला सांगायला नको. बदामाची सत्ती पडली की दोन्हीकडे चढत-उतरत लावत जायचं, बाकीच्या रंगांच्या सत्त्या जशा निघतील तशा. माझ्याकडे शेवटी किलवरची पंजी, चौकी आणि दुर्री उरली. किलवरची सत्ती केव्हाच पडलेली. छक्की पडली की माझी गाडी सुटली. पण छक्की पडेचना. दर फेरीला मी ‘पास’. आजीकडे टाकायला दुसरी पानं होती, ती एकेक शांतपणे टाकत होती. माझा ओठ थरथरायला लागला. आई वर आलेली, तिला सगळ्यांची पानं दिसत होती. ती म्हणाली, “सोडा ना ती छक्की, लहान आहे तो.”

आजी म्हणाली, “लहान आहे म्हणून सोडायची, तर खेळवायचा कशाला?”

आणि तिनं ती छक्की टाकली कधी? शेवटचं पान म्हणून. डाव संपला. पाच, चार आणि दोन मिळून अकरा गुण माझ्या बोकांडी. मी रडलो, ते वेगळं. पण हिशेबाच्या वहीत त्या दिवशी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं गेलं आणि त्यापुढे अकरा. तोवरच्या वहीत मी नव्हतोच.

आता साठ वर्षं पुढे येऊ. मागच्या दिवाळीत नातवंडांनी एक खेळ आणला. खोका एवढा मोठा, की मला वाटलं मिक्सर आला. आत नियमांची पुस्तिका, चोवीस पानांची. मी तिसऱ्या पानापर्यंत पोचलो, तोवर त्यांची दुसरी फेरी झाली होती. मग नात अतिशय प्रेमानं म्हणाली, “आजोबा, तुम्ही बँक सांभाळा.”

(हशा)

हसा. ‘बँक सांभाळा’ म्हणजे म्हाताऱ्यांचा कच्चा लिंबू, हे मला त्या क्षणी कळलं. नोटा छातीशी धरून बसलो होतो मी. तर माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या खेळात घरातल्या कुणालाही कच्चा लिंबू करावं लागतं, तो खेळ त्या घराचा नाही. आता यावरून ओघानं येणाऱ्या पाच कसोट्या…

चिठ्ठी आलीय. आठ मिनिटं. अध्यक्ष, आपण शाळेत शिक्षक होता का?

बरं, भराभर सांगतो. नियम चहा उकळेपर्यंत सांगून झाले पाहिजेत. न होतील तर तो खेळ पावसाळ्यातल्या लांब सुट्टीसाठी ठेवा. दुसरं, नशीब आणि डोकं दोन्ही हवं. बुद्धिबळात दहातले दहा डाव एकच माणूस जिंकतो आणि बाकीचे स्वयंपाकघरात जातात. सापशिडीत नुसता फासा, त्यामुळे पाच वर्षांचं पोर खूश आणि त्याचा बाप मोबाइलमध्ये. मधले खेळ शोधा. बदाम सात, झब्बू, लूडो. लूडो म्हणजे आपली पचिशीच. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिचं पेटंट घेतलं आणि तीच आपण विकत आणतो, पण या विषयावर मी बोलायला लागलो तर भजनी मंडळ दारात ताटकळेल.

तिसरं, मध्येच बाद होणारे खेळ टाळा. व्यापार! ज्याचं दिवाळं पहिल्यांदा निघतं, त्यानं पुढचे दोन तास काय करायचं? गंमत म्हणजे त्याचा मूळ खेळ लिझी मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी काढला, 1904 चं पेटंट आहे. जमीन मोजक्यांच्या हातात गेली की बाकीच्यांचं काय होतं, ते लोकांना कळावं हा त्यांचा हेतू. कळतं. माझ्या धाकट्या नातवाला तर फार लवकर कळलं.

चौथं… गुलामचोर. ही कसोटी नाही, पण विसरायला नको. एक गुलाम काढला की एक्कावन्न पानं, पंचवीस जोड्या आणि एक एकटा. चार वर्षांचं मूलही खेळतं, कारण शेजाऱ्याच्या हातातलं पान न बघता ओढायचं असतं. आजीचा चेहरा निर्विकार राहिला पाहिजे एवढंच. सुनेचा राहत नाही, तिला कधीही हरवता येतं. ती इथे आलेली नाही म्हणून सांगतो.

पाचवं, डोळे आणि भाषा. मोठ्या आकड्यांचे पत्ते मिळतात, ते घ्या. परदेशातल्या नातवंडाला मराठी लिहिता येत नसेल, तर नाव-गाव-फळ-फूल तोंडी खेळा. गाण्याच्या भेंड्या व्हिडिओ कॉलवर होतात, पण आवाज उशिरा पोचतो आणि दोन्ही घरं एकदम गायला लागतात. ‘ळ’ आला की ‘ल’ धरायचा, हे आधी ठरवून घ्या. आमच्याकडे त्यावरून चार दिवस अबोला होता.

तो हात कुणाचा? हो काकू, छक्की अडवायला परवानगी आहे. नातवाचीसुद्धा.

टाळ आले वाटतं. मागच्या टेबलावर पत्त्यांचे चार कॅट ठेवलेत. ज्यांना थांबायचंय त्यांनी व्हरांड्यात सतरंजी टाका. पानं मोजायची गरज नाही, प्रत्येकी बावन्नच आहेत. जोकर मी काढून खिशात ठेवलेत.