पांढरी पापणी

(तलावाकाठचं ओलं गवत. शेळ्यांचे खूर. पात्यावर दवाचा थेंब, अगदी जवळून.)

इंदूरहून खंडवा रोडला लागलं की बिलावली तलाव येतो. भाद्रपदात तो भरलेला असतो आणि काठचं गवत इतकं हिरवं, की शहरातून आलेल्या माणसाला तिथेच बसून राहावंसं वाटतं. आम्हीही आलो होतो तलावाचंच चित्रीकरण करायला. मग मावशी भेटल्या, आणि कॅमेरा तलावाकडे पाठ करून त्यांच्या अंगणात गेला.

(अंगण. पत्र्याचं छप्पर. भिंतीला टेकून बसलेली पांढरी शेळी.)

मावशींकडे आठ शेळ्या आणि एक खस्सी बोकड. घराणं धनगरांचं. होळकरांच्या मागोमाग आमची माणसं माळव्यात आली, असं त्या सांगतात. घरात अजून मराठीच बोलतात, पण इंदुरी मराठी. पुतण्याला हाक मारायची ती 'भिया' म्हणून, आणि जुलाबाला 'दस्त'.

ही चांदी. तीन आठवड्यांपूर्वी व्यायली, दोन करडं झाली. चार दिवस झाले, कळपाच्या मागे मागे राहते. काल घरी येताना वाटेत दोनदा बसली. आज उठायलाच तयार नाही. संध्याकाळी जबड्याखाली लिंबाएवढी मऊ सूज दिसायची, सकाळी ओसरलेली असायची. मावशींना वाटलं, काहीतरी चावलं असेल.

जंत झाले असतील का, आम्ही विचारतो. "जंत नाहीत हो हिला," मावशी ठामपणे म्हणतात. "दस्त कुठे लागलेत? लेंड्या बघा, मण्यांसारख्या."

लेंड्या खरोखरच मण्यांसारख्या आहेत.

(डॉक्टर येतात. चांदीला दोघांनी उचलून उन्हात आणलं आहे.)

डॉक्टर महूचे. तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 सालचं. माळव्यात जनावरांचा डॉक्टर भेटला, तर तो तिथेच शिकलेला असण्याची शक्यता दाट. त्यांनी पहिली सूचना दिली ती चांदीला चालवत आणू नका, उचलून आणा. अंगातलं रक्त फार कमी झालं असेल, तर चार पावलांची धावपळही जिवावर बेतू शकते. दुसरी सूचना, छपराखाली नको, उन्हात आणा. पापणीच्या आतला रंग बघायचाय, आणि सावलीत रंग फसवतो.

(हात आणि डोळा, जवळून. इथे निवेदन सावकाश.)

वरच्या पापणीवर एक अंगठा. त्याने डोळ्याचा गोळा हलकेच आत दाबायचा. दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढायची. आतलं ओलसर अस्तर क्षणभर बाहेर डोकावतं. बघायचं ते हेच, डोळ्याचा पांढरा भाग नव्हे. डॉक्टरांनी आधी बोकडाची पापणी दाखवली, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. मग चांदीची.

धुतलेल्या तांदळासारखी.

मावशी काही बोलल्या नाहीत. पदराने हात पुसत राहिल्या.

(पाच रंगांचं कार्ड.)

पापणी बघून रक्त किती कमी आहे ते ओळखण्याची ही रीत शास्त्रशुद्ध केली दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या मेंढ्यांसाठी. नाव 'फामाचा': फाफा मलान या पशुवैद्याच्या नावातली अक्षरं आणि 'चार्ट' यांची जोड. कार्डावर पाच रंग असतात, पहिला लालभडक, पाचवा जवळजवळ पांढरा. चांदी पाचव्या रंगात बसली. कार्डाची झेरॉक्स किंवा मोबाइलवरचा फोटो मात्र चालत नाही, रंग बदलतो आणि निदानही बदलतं.

(काचेच्या बशीत जंत. लाल-पांढरा पीळ.)

आता गुन्हेगार. हिमोंकस. दोन-तीन सेंटिमीटरचा, शिवणाच्या दोऱ्याएवढा. मादीचं रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याला वेटोळे घातलेले पांढरे बीजकोश, म्हणून ती लाल-पांढरा पीळ दिलेल्या दोरीसारखी दिसते. हा राहतो शेळीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर. नगण्य वाटतं. पण पाच हजार जंत असले की रोज पाव लिटर. चांदीचं वजन 24 किलो, म्हणजे अंगातलं सगळं रक्त दीड-पावणेदोन लिटर. करा हिशेब.

आणि जुलाब? ते या जंताचं काम नव्हे. तो रक्त पितो, रक्तासोबत प्रथिनं जातात, आणि प्रथिनं घटली की पाणी रक्तवाहिन्यांतून झिरपून जबड्याखाली उतरतं. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ते जास्त साचतं. संध्याकाळच्या त्या लिंबाचं कोडं हे असं होतं.

(दवाखाना. सूक्ष्मदर्शक.)

तरी डॉक्टर घाई करत नाहीत. तलावाकाठी गोगलगायी असतात, आणि गोगलगायींमधून येणारा यकृतातला चपटा कृमीही असंच रक्त आटवतो, अशीच सूज आणतो. त्याची अंडी जड, पाण्यात तळाला बसतात, म्हणून ती वेगळ्या पद्धतीने शोधावी लागतात. चांदीच्या लेंड्यांत ती सापडली नाहीत. गोल कृमींची, म्हणजे हिमोंकसच्या गटातल्या जंतांची, अंडी मात्र एका ग्रॅममागे साडेचार हजार. व्यायल्यानंतरच्या दिवसांत शेळीची प्रतिकारशक्ती ढिली पडते आणि जंतांचं फावतं.

काचेच्या बारीक नळीत चांदीचं रक्त फिरवलं. निरोगी शेळीत लाल पेशींचा थर 22 ते 38 टक्के भरतो. इथे 10.

"औषध आज देऊ, जंत मरतील," डॉक्टर म्हणतात. "पण मावशी, औषधाने रक्त तयार होत नाही. ते तयार व्हायला आठवडे लागतात, आणि हिच्याकडे तेवढे दिवस नाहीत."

मग? मग बोकड.

(बोकडाच्या मानेचे केस कापले जातात. पिशवी हळूहळू भरते.)

चाळीस किलोचा बोकड, पापणी लाल, खाऊन-पिऊन तुकतुकीत. त्याच्या मानेतल्या शिरेतून 350 मिलिलिटर रक्त काढलं, माणसांच्या रक्तपेढीत वापरतात त्याच पिशवीत. रक्त गोठू नये म्हणून त्यात द्रावण असतं, ते नीट मिसळावं म्हणून पुतण्या पिशवी पाळण्यासारखी झुलवतोय. कुणी काही बोलत नाही. शेळ्यांमध्ये पहिल्या वेळी रक्तगट जुळवण्याची बहुधा गरज पडत नाही. दुसऱ्यांदा द्यायची वेळ आली तर मात्र जपावं लागतं.

चांदीला पहिली पंधरा मिनिटं थेंब-थेंब. डॉक्टरांचा एक हात तिच्या छातीवर, नजर श्वासावर. थरथर, अंगावर गांधी, धाप, यातलं काहीही दिसलं की थांबवायचं. काही दिसलं नाही. मग वेग वाढवला. पिशवी निम्मी झाली तेव्हा चांदीने मान उचलली आणि करडाच्या आवाजाच्या दिशेने कान वळवले. पुतण्या म्हणाला, "वा भिया!" डॉक्टर हसले नाहीत.

औषधासाठी तिला काट्यावर तोललं, अंदाजावर नाही. दिलं ते क्लोझँटेल, रक्तपित्या जंतांवर चालणारं. डोस कमी पडला तर चिवट जंत वाचतात आणि त्यांचीच पैदास होते. जास्त झाला तर शेळीचे डोळे जाऊ शकतात. दुकानातून बाटली आणून झाकणाने मोजून पाजणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा ऐकावं. तिचं दूध घरात घ्यायचं नाही हेही डॉक्टरांनी बजावलं. करडं दुसऱ्या शेळीला लावली.

(दुसरा दिवस. गोठा.)

लाल पेशी 15 टक्के. उसनं रक्त काही दिवसच टिकतं, तेवढ्यात तिच्या हाडांतल्या मगजाने कामाला लागायचं. म्हणून लोहाचं इंजेक्शन, शेंगदाण्याची पेंड, बोरीचा आणि बाभळीचा पाला. आणि चरायला सुट्टी.

(पुन्हा तलाव. पुन्हा तो दवाचा थेंब.)

आता त्या थेंबात काय आहे ते सांगता येईल. एक मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून गवतात पडतात, आणि पावसाळी उबेत आठवड्याभरात अळ्या तयार. त्या दवाच्या ओलीवरून पात्यावर चढतात, पण फार उंच नाही, बहुतेक तळाच्या चार-आठ सेंटिमीटरमध्येच असतात. बकरी मुळात झुडपाला तोंड लावणारी, मान वर करून खाणारी. तिला तलावाकाठचं आखूड गवत खायला लावलं, की तोंड थेट अळ्यांत.

आता मावशी शेळ्या सोडतात त्या दव वाळल्यावर, आणि काठ सोडून वरच्या झुडपांकडे.

(चौदावा दिवस.)

लेंड्यांची पुन्हा तपासणी. साडेचार हजारांवरून शंभर. औषध लागू पडलं. जबड्याखालची सूज गेली. पापणी अजून फिकट आहे, पण गुलाबीकडे झुकलेली.

बाकीच्या शेळ्यांना? मावशींना सगळ्यांनाच पाजायचं होतं. डॉक्टर नाही म्हणाले. कळपातल्या मोजक्या जनावरांच्या पोटातच बहुतेक जंत असतात. सरसकट पाजलं तर औषधाला न जुमानणारेच तेवढे उरतात. ज्यांची पापणी फिकट, त्यांनाच द्यायचं.

(मावशी ओळीने एकेक शेळी उन्हात ओढतात. अंगठा, पापणी. अंगठा, पापणी.)

लाल. लाल. ही जरा फिकट, हिला बाजूला बांध. लाल. सातवीही बाजूला.

मग पुतण्या समोर आला, तर त्याचंही डोकं धरून मावशींनी पापणी खाली ओढली.

"तूसुद्धा बाजूला बस," त्या म्हणाल्या. "पोहे-जिलबीवर जगतोस नुसता."