आधी बिल्डिंग, मग रस्ता

(ड्रोन शॉट)
हे वरून दिसतंय ते पुण्याच्या कडेचं वाघोली. टॉवर मोजत बसू नका, दोन टॉवरच्या मधला तो रस्ता बघा. स्कूल बस, सिमेंटचा मिक्सर आणि पाण्याचा टँकर, तिघंही एकाच वेळी घुसलेत आणि आता कुणीच मागं घ्यायला तयार नाही.

(टँकर, सोसायटीचं गेट)
टाकी आहे, पाईप आहे, नळ आहे. पाणी तेवढं टँकरनं येतं.

(शेतात मारलेली चुन्याची फक्की)
आणि ही खरी सुरुवात. एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट. शेतीचे बारीक तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा, त्यामुळे सुट्या गुंठ्याचं खरेदीखत काही होत नव्हतं. मग लोकांनी वाट काढली, दहा-अकरा जणांनी मिळून कायद्यात बसेल असा अकरा गुंठ्यांचा तुकडा घ्यायचा, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामायिक चढवायची आणि जागेवर चुना टाकून आपापला गुंठा आखून घ्यायचा. रस्ता किती सोडायचा ते विकणाऱ्याच्या मनावर, दहा फूट सोडला तर माणूस दिलदार म्हणायचा. शाळा, मैदान, ड्रेनेज कुणाच्याच गुंठ्यात येत नाही. २००१ ला गुंठेवारी नियमित करायचा कायदा आला, आता तुकडेबंदीपण सैल केलीय. कागद सरळ होईल हो, बोळ कसा रुंद होणार?

(शिवाजीनगर, झाडांचा रस्ता)
आता हे बघा. हेसुद्धा गावच होतं, भांबुर्डा! इथल्या कितीतरी पत्त्यांत अजून एफपी नंबर असतो, म्हणजे फायनल प्लॉट. तो येतो टीपी स्कीममधून, म्हणजे टाउन प्लॅनिंग, नगररचना योजना. सगळ्यांच्या वाकड्यातिकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून आधी रस्ते, बागा, शाळांची जागा काढायची आणि मग उरलेल्यातून ज्याला त्याला रस्त्याला लागून नीट आकाराचा प्लॉट परत द्यायचा. जमीन कमी होते पण भाव चढतो, आणि मुख्य म्हणजे मालक मालकच राहतो, चेक घेऊन बाहेर पडत नाही. मुंबई इलाख्यात ह्याचा कायदा १९१५ चा, सांताक्रूझ, विलेपार्लेसुद्धा ह्याच वाटेनं वसलं. अहमदाबादनं हे चालू ठेवलं, आपण मात्र मधली कित्येक वर्षं बासनात गुंडाळून ठेवलं. २०१५ ला पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आली, तिनं माण-म्हाळुंगेत परत सुरू केलंय.

(महापालिकेचा बोर्ड)
२०१७ ला ११ गावं महापालिकेत आली, २०२१ ला आणखी २३, पुणे क्षेत्रफळात मुंबईपेक्षा मोठं झालं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली.

(विहीर)
जानेवारी २०२५ मध्ये महापालिकेत नव्यानं आलेल्या नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे, म्हणजे गियां-बारे सिंड्रोम ह्या नसांच्या आजाराचे पेशंट वाढले, तेव्हा सगळ्यांची नजर नांदेडच्या पाणीपुरवठ्याच्या ह्या विहिरीकडे गेली.

(केसनंदचं मोकळं रान)
वाघोलीच्या पुढं केसनंद, लोणीकंद अजून पीएमआरडीएकडे आहेत, रान बरंच मोकळं आहे, स्कीम लावायची तर आत्ताच. कारण गुंठे विकायचे फ्लेक्स लागलेत, आणि एकदा अकरा नावं सातबाऱ्यावर चढली की जिथं एका शेतकऱ्याला समजवायचं होतं तिथं अकरा जणांच्या दारात जावं लागतं.