एसयूला स्लो जेट नसतो

जुन्या मोटारींच्या मालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

नमस्कार मंडळी. आजचा विषय अगदी चिंचोळा आहे, आयडलिंग, म्हणजे पाय काढल्यावर इंजिनाचं संथ चालत राहणं, आणि मी तो तसाच ठेवणार आहे. गाडी एमजीबी, म्हणजे १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडात ॲबिंग्डनला बनलेली स्पोर्ट्स कार. इंजिन १७९८ सीसीचं, त्यावर पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे दोन कार्ब्युरेटर, एसयू बनावटीचे, सुरुवातीच्या गाड्यांत एचएस४ जातीचे. तक्रार अशी की रस्त्यावर गाडी झकास पळते. सिग्नलला उभी राहिली की धडधडते, नाहीतर बंद पडते. काहींची उलट तऱ्हा असते, पाय काढला तरी रेस खालीच येत नाही. मालक गॅरेजमध्ये येतो तो निदान घेऊनच: "कार्ब्युरेटर गेलाय." बहुतेक वेळा तो गेलेला नसतो.

आपल्याकडे एमजीबी मोजक्याच, पण हे इंजिन परकं नाही. जुन्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन याच बी-सीरिज घराण्यातलं, आणि त्यावर कार्ब्युरेटरही एसयूच असायचा. तेव्हा ज्यांनी ॲम्बेसेडर हाताळली आहे त्यांची निम्मी ओळख झालेली आहे. घोटाळा दुसरीकडून होतो. आपल्या गॅरेजांचा हात बसला तो पद्मिनी मोटारीच्या सोलेक्स कार्ब्युरेटरवर आणि स्कूटर-मोटरसायकलींवर. त्या कार्ब्युरेटरमध्ये आयडलिंगसाठी वेगळा, बारीक स्लो जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, असतो. त्यात कचरा अडकला की गाडी रेसवर चालते आणि पाय काढला की बंद. म्हणून आयडलिंगची तक्रार आली की मिस्त्री आधी स्लो जेट काढून फुंकतो. त्याचं बरोबरच असतं. फक्त एसयूमध्ये स्लो जेट नसतोच.

एसयूच्या डोक्यावर जो गोल डबा दिसतो, त्यात एक पिस्टन वरखाली होतो. इंजिन जितकी हवा ओढेल तितका तो उचलला जातो आणि त्याच्याखाली हवेची वाट मोठी होते. पिस्टनच्या बुडाला निमुळती सुई असते, ती जेटच्या भोकात उतरलेली असते. पिस्टन वर गेला की सुईचा बारीक भाग भोकात येतो आणि पेट्रोल वाढतं. एचएस४च्या जेटचं भोक ०.०९० इंचाचं. आयडलिंग असो की ताशी शंभर किलोमीटर, पेट्रोल याच एका भोकातून येतं. ही कल्पना ज्यांना सुचली ते स्किनर बंधू बुटांच्या धंद्यातल्या घराण्यातले होते, आणि सुरुवातीच्या एसयूत पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता!

आता याचा अर्थ काय ते पाहा. गाडी रस्त्यावर नीट ओढत असेल तर पेट्रोलची वाट मोकळी आहे. मग फक्त आयडलिंगलाच काय बिघडतं? तेव्हा इंजिन फार थोडी हवा घेत असतं. एखाद्या फटीतून घुसलेली चोरटी हवा वेगात जाताना लक्षातही येत नाही, आयडलिंगला मात्र तीच सगळा हिशेब चुकवते. तीच गोष्ट अशक्त ठिणगीची आणि घट्ट टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतल्या कमी पडलेल्या फटीची. म्हणून कार्ब्युरेटरचा नट फिरवण्याआधी बाकी सगळं तपासायचं, त्याला हात शेवटी.

पहिलं काम टॅपेट. थंड इंजिनवर १५ थाऊची फट, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टॅपेट जरा वाजलेले परवडतात. आवाज नको म्हणून कोणी घट्ट करून ठेवले असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि आयडलिंग गेलंच. मग डिस्ट्रिब्युटरमधल्या, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डब्यातल्या, पॉइंटचा गॅप, तोही १५ थाऊच्या आसपास, आणि प्लगचा २५. पॉइंटसोबतचा कंडेन्सर नवा आहे म्हणून चांगला आहे असं धरू नका. डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा मात्र आवर्जून बघा. त्या ढिल्या पडल्या की आयडलिंगलाच टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे सरकायला लागतं. टायमिंग पुढे गेलं की रेस वाढते, रेस वाढली की टायमिंग आणखी पुढे जातं. मालक थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, स्क्रू सोडतो, गाडी बंद पडते. पुन्हा पिळतो, रेस चढते. हा खेळ मी कितीतरी गाड्यांवर पाहिला आहे, आणि दर वेळी शिव्या कार्ब्युरेटरला.

नंतर चोरटी हवा. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटांचं, पॅकिंग, ब्रेकला जोर देणाऱ्या सर्व्होची नळी असेल तर ती, क्रँककेसच्या नळ्या. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही तर आतला पडदा फाटलाय. आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे थ्रॉटलचा स्पिंडल, झडपेचा दांडा. तो वर्षानुवर्षं फिरून झिजतो, त्याच्या भोवतीचं घरही झिजतं. बोटाने हलवून पाहा, खडखडला तर तिथून हवा जाते. संशय असेल तिथे साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा; इंजिनाचा आवाज बदलला तर जागा सापडली. पेट्रोल शिंपडून बघायची आपल्याकडची सवय इथे कृपा करून नको, कारण या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, लालबुंद तापलेला एक्झॉस्ट बरोबर कार्ब्युरेटरखाली असतो. नंतरच्या काही गाड्यांत बटरफ्लायच्या, म्हणजे थ्रॉटलच्या झडपेच्या, पातीवरच स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो नीट मिटत नसेल तर रेस खाली येत नाही. पुष्कळ लोक तो डाग देऊन कायमचा बंद करतात.

एक परीक्षा मला फार आवडते. या इंजिनात पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला हवेचं दार एकच, तिसऱ्या-चौथ्याला दुसरं. म्हणजे पुढचा कार्ब्युरेटर मुख्यतः पहिल्या जोडीचा, मागचा दुसऱ्या जोडीचा. इन्सुलेशन असलेल्या पकडीने एकेक प्लगची वायर काढा. जी काढल्यावर इंजिनाला फरकच पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. एकाच जोडीतले दोघेही आळशी निघाले तर त्यांच्या कार्ब्युरेटरकडे वळा. एकटाच आळशी असेल तर तो दोष प्लगचा, वायरचा किंवा व्हॉल्व्हचा. दोन सिलिंडरना पाजणारा कार्ब्युरेटर एकालाच उपाशी ठेवत नाही.

एवढं झाल्यावर कार्ब्युरेटर उघडा. पिस्टन बोटाने उचलून सोडा, खाली बसताना 'टक्' आवाज यायला हवा. आला नाही तर डब्यात चिकटा आहे, किंवा सुई जेटला घासते आहे. चोक आत ढकलल्यावर जेट पूर्ण वर परततो का तेही पाहा. अर्ध्यात अडकला तर गाडी कायम जास्त पेट्रोल पिणार. डॅशपॉटमध्ये, म्हणजे त्या डब्याच्या मधल्या नळीत, २० ग्रेडचं तेल. मग दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडणारी लिंक सैल करा. हे विसरून नुसते स्क्रू फिरवणं म्हणजे जोखड न काढता एकाच बैलाला वळवणं. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरा आणि दोन्हींची फुसफुस सारखी होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू लावा. जेटचा षटकोनी नट पूर्ण वर नेऊन दोन फेरे खाली, ही सुरुवात. आता पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचला. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त, लगेच पडली तर कमी. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाली तर सोडून द्या, बरोबर आहे. लिंक पुन्हा कसताना दोन्ही बटरफ्लाय बरोबर एका वेळी हलतात ना, ते बघायचं.

हल्ली पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल विचारलं जातं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून जुन्या सेटिंगवर मिश्रण लीन पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. जेटचा नट एक-दोन पैलू खाली घ्यावा लागतो. जुने रबरी पाइप मात्र बदलाच, ते आतून सुटतात आणि त्यांचा भुगा फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगाच्या, सुईखाली बसून ओव्हरफ्लो होतो. मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये अर्धा तास काढल्यावरच गाडी बिघडत असेल तर आधी कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट यांच्यामधला पत्रा जागेवर आहे का बघा. कोणीतरी काढून ठेवलेला असतो.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली होती, दोन एसयू काढून एक वेबर कार्ब्युरेटर बसवू का? खुशाल बसवा, बरेच जण बसवतात. पण टॅपेट, डिस्ट्रिब्युटर आणि सर्व्होची नळी नव्या कार्ब्युरेटरखालीही जुनीच राहणार आहे. शिवाय वेबरला आयडल जेट, म्हणजे स्लो जेटच, असतो, म्हणजे तुमच्या मिस्त्रीला फुंकायला काहीतरी मिळेल.