आधी घाव, मग ज्योत

(दृश्य : वसईतल्या एका चर्चचं अंगण. काळोख. करवंट्यांचा ढीग पेट घेतो.)

पास्काजागरणाची रात्र, म्हणजे ईस्टरच्या रविवारची आदली रात्र. अंधार पडल्याशिवाय हा विधी सुरू करायचा नाही आणि रविवारी फटफटायच्या आत तो संपवायचा, असा नियम आहे. संध्याकाळी लवकर उरकून घ्यायची मुभा नाही. एके काळी तो शनिवारी सकाळी, लख्ख उजेडात होत असे. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली तो प्रायोगिक म्हणून रात्रीत आणला आणि १९५६ पासून तसाच रूढ झाला.

चर्चमधले सगळे दिवे बंद आहेत. बाहेरचा विस्तव करवंट्यांचा आणि सुक्या लाकडांचा. रॉकेल ओतून नुसता भडका उठवला तर निखारा धरत नाही, आणि धुपाटण्यात निखारे जायचे ते याच विस्तवातले.

(दृश्य : मेणबत्ती, अगदी जवळून. टोकदार सळई मेणात रुतते.)

ही पास्काची मेणबत्ती. दरवर्षी नवी, आणि चर्चमध्ये एकच. धर्मगुरू आधी उभी रेघ कोरतात, मग आडवी. क्रूस झाला. त्याच्या वर ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर आल्फा, खाली शेवटचं ओमेगा. क्रूसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे आकडे : वर पहिले दोन, खाली शेवटचे दोन. सगळा काळ ख्रिस्ताचा आहे, आणि त्यात हे चालू सालही आलं.

मेण कोरायला सोपं नसतं. कडक असेल तर कपच्या उडतात, म्हणून रेघा आधी हलक्या आखून ठेवतात. एप्रिलच्या उकाड्यात उलटी तऱ्हा! मेणबत्ती भिंतीला टेकवून ठेवली तर दोन दिवसांत कंबरेत वाकते. ती आडवी, सपाट फळीवर ठेवायची.

(दृश्य : ताटलीत पाच लाल खिळे. बोटं एकेक उचलतात.)

हे मेणाचे खिळे. प्रत्येकात धुपाचा एक दाणा. वर, मध्ये, खाली, मग डावीकडे आणि उजवीकडे, या क्रमाने ते क्रूसात बसवतात. भोकं आधी पाडून ठेवलेली असतात. तशीच दाबादाबी केली तर मेणबत्तीला तडा जातो. दोन हात, दोन पाय आणि कूस : ख्रिस्ताचे पाच घाव. त्या घावांनी आपलं रक्षण व्हावं, अशी प्रार्थना धर्मगुरू म्हणतात. दाणे बसवणं ऐच्छिक आहे, त्यामुळे घाईच्या ठिकाणी नेमकं हेच गाळलं जातं. ते गाळू नये.

कारण वात अजून पेटलेली नाही. घाव आधी, ज्योत नंतर. पुनरुत्थित प्रभू थोमा या शिष्याला दिसतो तो हातांवरचे व्रण आणि कुशीतला घाव दाखवत. गुड फ्रायडेला क्रूसावर जे दिलं ते रविवारी परत घेतलेलं नाही. आणि दिलं कुणासाठी? पौल रोमकरांना लिहितो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. लायकी पाहून केलेली ही प्रीती नव्हे.

(दृश्य : ज्योत. वाऱ्याने लवते, सावरते. मिरवणूक दारातून आत.)

दारात एकदा, मध्यभागी एकदा, वेदीसमोर एकदा : "ख्रिस्ताचा प्रकाश". दुसऱ्या थांब्याला लोकांच्या मेणबत्त्या हिच्यावरून पेटतात.

(दृश्य : डीकन, म्हणजे धर्मगुरूंचा दीक्षित साहाय्यक, घोषणा गातो. पार्श्वभूमीला मेणबत्ती.)

पास्काच्या या घोषणेत सगळं आलं आहे : गुलामाला सोडवण्यासाठी देवाने स्वतःचा पुत्र दिला, आणि ही ज्योत वाटली तरी उणी होत नाही, कारण मधमाश्यांचं मेण वितळून तिला पोसतं. म्हणून मेण खरं हवं. १९८८ च्या रोमच्या परिपत्रकात स्पष्ट आहे की मेणबत्ती मेणाचीच असावी, कृत्रिम नसावी. प्लॅस्टिकच्या नळीत तेल भरलेली मेणबत्ती वर्षभर तेवढीच्या तेवढी दिसते. खर्ची न पडणारी वस्तू इथे काय सांगणार?

खऱ्या मेणाचे त्रास आहेतच. वात बारीक असेल तर खड्डा पडून ज्योत मेणात बुडते, फार जाड असेल तर काजळी धरते. पंख्याखाली एक बाजू भराभर गळते. वात सहा मिलिमीटरवर कापायची आणि टोकाला पितळी टोपी बसवायची, म्हणजे मेण सारखं जळतं.

(दृश्य : घंटा. दिवे लागतात. बाप्तिस्म्याचं पाणी.)

बायबलमधली वाचनं नऊ, त्यांत निर्गम या पुस्तकातलं कधीच वगळत नाहीत. जुन्या करारातली सात झाली की ग्लोरिया हे गौरवगीत, मग उरलेली दोन, बाप्तिस्मा, मिस्सा.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत मेणबत्ती वेदीजवळ असते. पुढे ती बाप्तिस्मा-कुंडाशी जाते, आणि अंत्यविधीला शवपेटीजवळ पेटते. एवढं पुरेल अशी जाडी विकत घेतानाच बघून घ्यावी लागते.